राजानं पळावं, असं मी म्हणालो होतो

आमच्या गावात एसटी स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेलं तर वाटेत नऊ राजे लागतात. खोटं वाटत असेल तर या आणि मोजा. दोन ‘काळजातले राजे’, एक ‘दिलदार मनाचा राजा’, बाकीचे नुसते ‘किंग’. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळा गॉगल, एकदोघांच्या कानाला मोबाइल, आणि फ्लेक्सच्या खालच्या अंगाला शुभेच्छुक म्हणून चाळीस तोंडं टिकल्यांएवढी चिकटवलेली. त्यातला सगळ्यात धाकटा राजा आमच्या शेजारचा. बारावीला दोनदा बसला आणि अजून बसलेलाच आहे. सकाळी उठवताना त्याची आई त्याला जे बोलते, ते ऐकून कुठल्याही राजघराण्यानं गाशा गुंडाळला असता.

मी चिडून लिहितोय, कळतंय मला. पण माझा आयुष्यभराचा धंदाच राजांचा. सांगलीच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला, निवृत्त झालो आणि रहिमतपूरच्या पुढं, वडूजच्या अंगाला असलेल्या माझ्या गावी परत आलो. गावाच्या एका बाजूला कालवा आणि ऊस, दुसऱ्या बाजूला माळ आणि मेंढरं. घरटी एक माणूस फौजेत. अशा गावात शूर माणसांना काही तोटा नाही, पण गेली तीस वर्षं गावाचा राजा एकच. सगळे त्यांना साहेब म्हणतात. सरपंच त्यांनी सांगितलेला, सोसायटीचा चेअरमन त्यांनी सांगितलेला, शाळेत शिपाई कोण होणार तेही तेच सांगणार. राजा बोले, दळ हाले म्हणतात. आमच्याकडं राजा नुसता खोकला तरी दळ हलतं. मीही त्यांना साहेबच म्हणतो.

तर ही गोष्ट एका खोलीची. चावडीमागं खत ठेवायची जुनी खोली होती. माझी बायको सांगलीत ग्रंथालयात नोकरीला होती, तिला गावात आल्यावर करमेना. तिनं ग्रामसभेत उभं राहून ती खोली मिळवली, खताचा वास जाईपर्यंत फिनेलनं चार वेळा धुतली आणि तिथं वाचनालय काढलं. सकाळी म्हातारे पेपर वाचायला येतात आणि दुपारी बारा ते सहा मुली. कुणी पोलीस भरतीची तयारी करणारी, कुणी तलाठ्याच्या परीक्षेची. घरी अभ्यासाला बसलं की भावजयीचं पोर, टीव्ही, म्हशीची धार, आणि वर “रिकामीच बसलीयास तर चार भाकरी थाप की गं.” इथं पंखा आहे, शांतता आहे आणि थापायला काही नाही. त्यातली एक पोलीस झाली. तिनं पहिल्या पगारात भिंतीवरचं घड्याळ पाठवलं, ते माझी बायको रोज पुसते. ही खोली गेली तर बायको दुसऱ्या दिवशी सांगलीची गाडी धरणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आणि एके दिवशी त्या खोलीच्या दारात टेम्पो येऊन उभा राहिला. तीन व्यायामाची यंत्रं उतरली ती दारापाशीच राहिली. वर प्लास्टिक, त्याच्यावर हार. साहेबांच्या वाढदिवसानिमित्त तरुणांना भेट म्हणून या खोलीत ‘किंग फिटनेस’ निघणार, असं यंत्रं आणणाऱ्यांनी सांगितलं. पुस्तकांचं काय, असं विचारल्यावर त्यातला एक म्हणाला, “बघू की कुठंतरी. पुस्तकांना काय, पोतं असलं तरी चालतंय.”

बायको घरी आली ती फणफणत. म्हणाली, “ग्रामसभेनं ठराव केलाय. खोली कायमची वाचनालयाची, असं त्यात आहे. माझ्यासमोर वाचून दाखवलेला. नक्कल आणली होती मी, कुठल्या तरी खोक्यात असणार.”

मी म्हणालो, “अगं, कागदानं कधी कुणाचं भलं झालंय? माणसाला भेटावं लागतं.”

हे वाक्य मी मोठ्या शहाणपणानं उच्चारलं. आमच्याकडं जन्मलेल्या प्रत्येकाला हे शहाणपण घुटीतूनच मिळतं. दाखला पाहिजे, भेटा. दवाखान्यात खाट पाहिजे, भेटा. रस्त्यात खड्डा पडला, तरी खड्डा कोण बुजवतो ते सोडून आपण कुणाला भेटायचं याचीच चर्चा. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून वाचनालयातल्या मुलींना हाताशी घेऊन जुनी खोकी उपसायला बसली.

मी भेटायला जायच्या आधी तेच आले. साहेब नव्हे, साहेबांचे कार्यकर्ते. पाच मोटारसायकली, आठ जण. चहा झाला. मग त्यातला म्होरक्या म्हणाला, “सर, साहेबांच्या वाढदिसाला औंदा नाचगाणं न्हाई, व्याख्यान ठिवायचं ठरलंय. विषय, खरा राजा कोण. तुमी जगातल्या समद्या राजांचं सांगा, आन् शेवटाला साहेबांवर आनून सोडा.”

आणून सोडा! जसं काही मी वडूजची गाडी, आणि बाकीचे राजे वाटेतले थांबे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण डोळ्यांसमोर ती प्लास्टिकात गुंडाळलेली यंत्रं आली, आणि मी म्हणालो, “सांगतो की. आनंदानं सांगतो.”

ते गेल्यावर मी अर्ज लिहायला बसलो. माझ्यासारख्या माणसाला संकट आलं की देव आठवायच्या आधी अर्ज आठवतो. उभं आयुष्य रजेचे, बदलीचे, फरकाचे अर्ज लिहिण्यात गेलं. अक्षर मोत्यासारखं, समास सोडलेला, विषय अधोरेखित. साहेबांकडं नेमकं पद कुठलं हे मला माहीत नव्हतं, म्हणून नुसतं ‘मा. साहेब’ लिहिलं. मग, ‘सदर खोली ही आपल्या अधिकारातील असून, आपल्या कृपेने ती वाचनालयाकडे राहावी, ही नम्र विनंती.’ आपल्या अधिकारातील असून, हे तीन शब्द अर्जाला वजन यावं म्हणून घातले. दुसरं काही नाही. खाली, ‘आपला आज्ञाधारक.’ बायकोला अर्ज दाखवला नाही, तिनं चुका काढल्या असत्या. एक प्रत साहेबांच्या बंगल्यावर दिली आणि एक ग्रामपंचायतीत, पोच घेऊन.

मनाची समजूत अशी घातली की, अर्ज हा व्यवहार आहे. भाषणात मात्र सोडायचं नाही. एकेका राजाच्या आडून असा एकेक चिमटा काढायचा की साहेबांना बसल्या जागी टोचलं पाहिजे. मी आठ दिवस टिपणं काढली. बायको एका खोलीत खोकी उपसत होती आणि मी दुसऱ्या खोलीत सगळ्या जगातले राजे.

सभा संध्याकाळी शाळेच्या पटांगणात झाली. स्टेजवर मंगल कार्यालयातनं आणलेली नवरदेवाची खुर्ची, सिंहाच्या हातांची, लाल मखमलीची. तिच्यावर साहेब. आल्या-गेल्याला फेटा बांधायचं काम चालू होतं. फेटेवाल्यानं घाईत लाउडस्पीकरवाल्यालाही बांधला, मग त्याचाही सत्कार करावा लागला. माझ्या डोक्यावरचा फेटा इतका आवळला होता की पहिली पाच मिनिटं मला काही ऐकू येत नव्हतं.

मी सुरुवात काठीपासून केली. म्हणालो, दोन नद्यांच्या मधल्या मुलखात, तिकडं इराकात, आणि तसंच इजिप्तमध्ये, राजाच्या हातात तलवारीच्या आधी धनगराची काठी असायची. राजा म्हणजे प्रजेचा मेंढपाळ. पहिल्या रांगेत माळावरचा एक म्हातारा धनगर बसला होता. त्यानं मोठ्यांदा विचारलं, “मेंढरं किती हुती त्येच्याकडं?”

मी म्हणालो, “सगळी प्रजा हीच मेंढरं.”

“मग त्यो मागनं चालत आसंल,” म्हातारा म्हणाला. “मेंढका मागनं चालतोय. म्होरं चालला तर लंगडं कुटं ऱ्हायलं, कसं कळायचं?”

एकतीस वर्षांत मी मुलांना हे सांगितलं नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं. लोक हसले. एका कार्यकर्त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं, आणि मीही निर्लज्जासारखा पुढं गेलो.

पुढं बाबिलोन होतं. तिथं दर नव्या वर्षाला पुजारी राजाचा मुकुट आणि काठी काढून घ्यायचा आणि भर देवळात त्याच्या थोबाडीत मारायचा. राजानं गुडघे टेकून सांगायचं, मी नगराची हेळसांड केली नाही, मी लोकांवर हात उचलला नाही. मग पुन्हा एक थोबाडीत. डोळ्यांतनं पाणी आलं तर वर्ष चांगलं जाणार, असं मानत.  सगळं गाव साहेबांच्या गालाकडं बघत होतं. मागनं कुणीतरी ओरडलं, “आन् मारायचं कुनी?” हशा पिकला. हाच तो क्षण होता. माइक माझ्या हातात होता आणि काय बोलायचं ते टिपणात लिहिलेलं होतं. आणि माझ्या तोंडातनं काय बाहेर पडावं? “अर्थात, आपल्या साहेबांना त्याची गरजच नाही!” टाळ्या! मला माझीच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

चीनमध्ये दुष्काळ पडला तर राजाचं काहीतरी चुकलं असं समजत आणि राजा लोकांपुढं आपली चूक कबूल करी, हेही सांगितलं. आमच्याकडं पाऊस पडला नाही तर देवाची मर्जी, आणि धरण भरलं की साहेब फ्लेक्सवर हेलिकॉप्टरचे फोटो लावून जलपूजनाला, हे पुढचं वाक्य मात्र मी गिळलं. एकेक चिमटा असा घशाखाली जात होता. शेवटी उरला इजिप्त, आणि तो मी जपून ठेवला होता. म्हणालो, “इजिप्तच्या राजाला गादीवर बसून तीस वर्षं झाली की सगळ्यांसमोर धावून दाखवावं लागे. अंगात अजून ताकद आहे का, हे प्रजा बघत असे. मंडळी, आपल्या साहेबांनाही यंदा तीस वर्षं झाली. राजानं पळून दाखवलं पाहिजे!”

बोललो एकदाचं.  आता काय होतंय म्हणून मी डोळे मिटले. आणि काय झालं असेल? सगळं पटांगण उभं राहिलं. शिट्ट्या, हलगी, “साहेब तुम आगे बढो.” म्होरक्यानं स्टेजवर येऊन मला मिठी मारली. “सर, इजिप्तवालं लय म्हंजी लय भारी हुतं!”

आमच्या लोकांना टोमणा कळत नाही, असं कुणी समजू नये. बांधावर, न्हाणीशी, लग्नाच्या पंगतीत ते एकमेकांना असे बारीक टोमणे मारतात की ऐकणाऱ्याला घरी जाऊन रक्त दिसतं. पण स्टेजवरनं जे येतं तो सत्कार, हे त्यांच्या हाडीमासी भिनलंय. स्टेजवर उभं राहून तुम्ही एखाद्याला चोर म्हणा, लोक टाळ्या वाजवून त्याला नारळ देतील. एकतीस वर्षं माणसांना शिकवून मला एवढी साधी गोष्ट कळली नाही.

दोन दिवसांत फ्लेक्स लागला. चौकात, सगळ्या राजांच्या वर. इजिप्तच्या राजाचं उघडं अंग, डोक्यावर निळ्या-सोनेरी पट्ट्यांचं ते शिरोवस्त्र, आणि मध्ये साहेबांचं तोंड. गॉगल तेवढा ठेवला होता. वर लिहिलं होतं, ‘इजिप्तनंतर थेट आपल्या गावात! भव्य साहेब दौड.’ आणि खाली कोपऱ्यात माझा पासपोर्टचा फोटो, ‘संकल्पना: गुरुवर्य सर.’ फोटो त्यांनी कुठनं मिळवला, देव जाणे. मी फ्लेक्सवाल्याला आणि कार्यकर्त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पण कबूल करतो, त्या दिवशी भाजी आणायला मी चौकातनंच गेलो आणि तसाच परत आलो.

घरी बायको खोक्यांत मान घालून बसलेली. म्हणाली, “खोलीचं काय म्हणाले?”

“होईल,” मी म्हणालो. “अर्ज दिलाय.”

“कसला अर्ज?”

“साधा. विनंतीचा.”

तिनं धुळीचे हात पदराला पुसले आणि पुन्हा खोकं ओढलं.

दौड रविवारी सकाळी. शाळेपासून कालव्याच्या पुलापर्यंत आणि परत. भरतीची पोरं होतीच; शिवाय पेन्शनीतले फौजी, अंगणवाडीच्या बाया, आणि हजेरी लावा असं सांगितलेले प्राथमिकचे मास्तर. साहेब आले. इस्त्रीची घडी मोडलेली नाही असा ट्रॅकसूट, पांढरे शुभ्र बूट. नारळ फुटला. हलगी कडाडली. साहेबांनी हिरवा झेंडा हलवला आणि ते शांतपणे उघड्या जीपमध्ये जाऊन बसले. जीप पुढं निघाली आणि सगळं गाव तिच्या मागनं पळायला लागलं.

मी शेजारनं पळणाऱ्या म्होरक्याला म्हणालो, “अरे, पळायचं राजानं होतं!”

“मग आमी काय करतोय सर?” तो धापा टाकत म्हणाला. “साहेबांच्या वतीनंच पळतोय की!”

आमच्याकडं सगळंच कुणाच्या ना कुणाच्या वतीनं होतं. शुभेच्छा कुणाच्या तरी वतीनं, श्रद्धांजली कुणाच्या तरी वतीनं. राजाच्या अंगात ताकद आहे, हे प्रजेनं पळून सिद्ध करायचं, ही सुधारणा इजिप्तला काही सुचली नव्हती. एवढी पिरॅमिडं बांधली, पण हे सुचलं नाही.

आणि मी तरी का पळत होतो? त्रेसष्ट वय, उजवा गुडघा कामातनं गेलेला, शनिवारी संध्याकाळी रहिमतपूरहून आणलेले नवे बूट पायाला चावत होते. मी पळत होतो, कारण अर्जाचं उत्तर आलं नव्हतं. संकल्पना ज्याची तो घरी बसला, असं साहेबांना दिसायला नको होतं. पुलाच्या अलीकडं मी मागं पडलो. अंगणवाडीच्या बाया पुढं गेल्या. जीप हळू झाली, आतनं एक हात बाहेर आला. “मास्तर, बसा वर.”

मी बसलो. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, आधी बरंच वाटलं.

साहेब लोकांना हात करत होते. मग पुढंच बघत म्हणाले, “भाषण चांगलं केलं तुमी. मला पळाय लावत हुता, न्हवं?”

मी खाली वाकून चावणाऱ्या बुटाची नाडी सैल करायला लागलो.

“समद्या सभंत तेवढं मला एकट्यालाच कळलं बगा,” ते म्हणाले आणि हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. “खरं सांगू? मनात आलं हुतं, पळावं. मळ्यात जाऊन पळून बी बगितलं. शे-दोनशे पावलं गेलो, छाती भरली. म्हटलं, आठ दिस रोज सराव करू, जमंल.”

“मग?”

“मग तुमचा अर्ज वाचला.” आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. “म्हटलं, ह्यो माणूस सभंत आपल्याला पळाय लावतोय आन् खाली आज्ञाधारक म्हणून सही करतोय. आज्ञाधारकासाटी कोन पळतंय, मास्तर?”

त्यांनी समोरच्या कप्प्यातनं एक पत्र काढून माझ्या हातात दिलं. खोली एक वर्षासाठी वाचनालयाकडं, साहेबांच्या सौजन्यानं, आणि दारावर तशी पाटी लावायची. “पुडच्या वाढदिसाला परत बगू,” ते म्हणाले. मी काय म्हणालो असेन? “आभारी आहे, साहेब.” दोन्ही हात जोडून म्हणालो. जीप शाळेशी पोचली तेव्हा लोकांनी साहेबांना खांद्यावर घेतलं, पहिला नंबर आला म्हणून.

मी लंगडत घरी आलो, पण पत्र मात्र छातीशी धरून. दारातनंच ओरडलो, “खोली वाचली!”

बायको ओसरीवर बसली होती. तिच्यापुढं एक पिवळा पडलेला कागद होता, कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेला, पण शिक्का स्पष्ट. तिनं माझं पत्र घेतलं, वाचलं आणि त्या कागदाशेजारी ठेवलं.

“ठराव शुक्रवारी सापडला,” ती म्हणाली. “काल मी ग्रामपंचायतीत नेऊन दाखवला. ग्रामसेवक म्हणाला, पक्का आहे बाई, खोली कायमची तुमची, साहेबांनाच काय, कुणालाच काढता येणार नाही. यंत्रं उचलायला सांगतो म्हणाला.” तिनं पिवळ्या कागदाची घडी सरळ केली. “मग त्यानं दुसरी फाइल काढली. तुमचा अर्ज होता त्यात. ‘आपल्या अधिकारातील असून.’ मला म्हणाला, बाई, सरांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की खोली साहेबांची आहे. आता मी कुठला कागद खरा धरू?”

मला ओसरीवरच बसावं लागलं. म्हणजे खोली काढून घ्यायला त्यांच्याकडं काहीही नव्हतं. एक चिठोरं नव्हतं. होते ते तीन शब्द, आणि ते मी दिले होते, मोत्यासारख्या अक्षरात, पोच घेऊन.

“काल का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगायला आले होते. तुम्ही आरशापुढं बूट घालून बघत होता.”

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं. मी उठलो, कागद-पेन घेतलं. लिहायला लागलो, ‘प्रति, मा. साहेब, यांचे सेवेशी. विषय: पूर्वीचा अर्ज मागे घेण्यास परवानगी मिळणेबाबत.’

“हे काय आता?”

“अर्ज मागं घेतोय.”

“त्याला पण अर्ज?” तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. तो कागद उलटा केला आणि ग्रामपंचायतीच्या नावानं लिहिलं, ‘खोली ठरावाप्रमाणे वाचनालयाची आहे. माझ्या यजमानांनी दिलेल्या अर्जाशी वाचनालयाचा संबंध नाही. ठराव सोबत जोडला आहे. यंत्रे उद्या हलवावीत.’ खाली सही केली, वाचनालयाची चिटणीस म्हणून.

मी वाचलं. वाचता वाचता तोंडातनं निघून गेलं, “एवढा एक विनंती शब्द तरी घाल गं. बरं दिसतं.”

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तिनं आधी वाचनालयाचं कुलूप काढलं, म्हाताऱ्यांना पेपर दिले. मग ठराव आणि तो कागद घेऊन ती ग्रामपंचायतीकडं निघाली. नेहमी बाराला येणाऱ्या मुली त्या दिवशी सकाळीच आल्या होत्या, त्यातल्या चौघी तिच्याबरोबर गेल्या. मला चला म्हणाली नाही. मी घरी गुडघा शेकत बसलो होतो. तिचं काम होईल का, यंत्रं हलतील का, मुली कुठं बसतील, याची काळजी वाटायला हवी होती मला. ती वाटलीच नाही. मला एकच भीती वाटत होती, साहेब रागावतील.